टिपरीवाले गुरुजी

आमचे गुरुजी हजेरीसुद्धा टिपरीवर घेत. नाव पुकारलं की मेजावर एक ठोका, "हजर" आलं की दुसरा. शाळेत छडी नव्हतीच. लाकडाच्या दोन टिपऱ्या होत्या. गळा मात्र असा, की त्यांनी बाराखडी लावली की बाहेरचा बैल दावं तोडू पाही.

"हात वाजला का डोळा चालते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. क-पा-शी म्हणताना तीन टाळ्या, द-र्या-पू-र म्हणताना चार. जितक्या टाळ्या, तितकी अक्षरं पाटीवर. स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली होती. गावातले लोक हसत, "शाळा हाये का भजनमंडळ?"

हसणाऱ्यांत माझा बापही होता. मी दोन वर्षं पहिलीतच बसले होते. बाप म्हणाला, "औंदा पास झाली तर ठीक, नाहीतर शाळा बंद. वावरात चाल."

भादव्याच्या पुनवेपासून आम्ही पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणायचो. एका संध्याकाळी गुरुजी अंगणाबाहेर उभे राहून आमची तोंडं पाहत होते. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "कालचं गाणं पाठ हाये तुले?"

"हाव."

"मंग माह्याकडे पाहून हळूहळू म्हण."

मी म्हणत गेले, ते लिहीत गेले. मग पाटी माझ्यापुढे फिरवली. "आता वाच." मी एकेका ठोक्याला एकेका अक्षरावर बोट ठेवलं. शब्द तोंडात आधीच होते; बोटानं फक्त त्यांच्या जागा शोधल्या. दिवाळीपर्यंत मी किराण्याच्या पुड्यांचे कागदही वाचू लागले.

परीक्षेला अमरावतीहून साहेब आले. बाप दारात येऊन बसला. साहेबांनी नवंच पुस्तक पुढे केलं. "हात खाली. टाळ्या नकोत."

माझं बोट पहिल्याच अक्षरावर अडलं. गुरुजींनी टिपरी उचलली. साहेबांनी डोळे वटारले, तशी ती सदऱ्याच्या खिशात गेली. मग मी पायाचा अंगठा जमिनीवर आपटला. एक, दोन, तीन. अख्खं पान वाचून काढलं. साहेब म्हणाले, "पास." बाप उठला. "येऊ दे शाळेत," एवढंच बोलून गेला. त्या वर्षी आमच्या शाळेतली एकही पोरगी नापास झाली नाही, हे मी आजही ताठ मानेनं सांगते.

साहेब गेल्यावर मी गुरुजींना मागून तीन हाका मारल्या. वळलेच नाहीत. पुढे जाऊन उभी राहिले, तर विचारतात, "काय वाचलं वं तू?"

"तुमी तर तिथंच होते!"

"अंगठा पाहत होतो. एकही ठोका चुकला नाही." मग पायरीवर बसले. "तापात कान गेले माहे. कोणाले सांगू नको."

मी मान डोलावली. मग गुरुजींनी विचारलं, "पोट्ट्या गोड गातेत का वं?"

मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, "बाकीच्या बऱ्या. सुमी लय भेसूर."

"सुमी?" गुरुजी हसले. "ते तर सगळ्यात मोठं तोंड उघडते. मले तिचंच गाणं आवडते."