उजव्या बाजूची सीट

आमच्या शेजारचे दादाराव काका तीन वर्षं रस्त्यावर कोणाच्याही पुढे गेले नव्हते. त्यांच्याकडे आठ सिलिंडरची जुनी अमेरिकन इम्पाला आहे. इंजिन सुरू झालं की आमच्या स्वयंपाकघरातल्या ताटल्या वाजतात. पण ही गाडी अमरावतीत मी ऑटोच्या, हातगाडीच्या, एकदा तर बँडसकट निघालेल्या वरातीच्या मागून मुकाट जाताना पाहिली आहे. मागच्याने हॉर्न वाजवला की काका हात बाहेर काढायचे. "कावून घाई करून राह्यला बाबू? तू जाय ना पुढं!"

माझी ओळख आधी काकांच्या पायांशी झाली. रविवारी सकाळी ते गाडीखाली असतात आणि कॉलनी त्या पायांशीच बोलते. पेपरवाला पायांना नमस्कार करतो, सोसायटीचे सेक्रेटरी पायांशी भांडतात. मला माणसांच्या चेहऱ्यांशी बोलणं अवघड जातं, त्यामुळे ही सोय मला फार आवडायची. या गाडीला आपले मिलिमीटरचे पाने बसत नाहीत, इंचातले लागतात. "पोरी, चार सुताचा दे," असं खालून आलं की मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून पाना शोधून द्यायची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला इंग्रजी शाळेने नाही, त्या पायांनी शिकवलं.

"विकून टाका आता म्हातारीला," असं कोणी म्हटलं तर गाडीखालून ठरलेलं उत्तर येतं, "जुनी हाय. म्हातारी नाई."

गेल्या हिवाळ्यात अकोल्याच्या एका शाळेत माझी मुलाखत होती, सकाळी अकराला. ऑटोवाला आलाच नाही आणि एसटी चुकली. मी फाटकाशी रडायच्या बेतात उभी होते, तेव्हा काका गाडी पुसत होते.

"बस. मले बी अकोल्याले जाच हाय."

"तुमचं काय काम आहे तिकडे?"

"गेल्यावर सापडन."

गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे मला मिळाली ती उजवीकडची सीट, जिथे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो. वलगावला पोलिसाने गाडी थांबवली आणि लायसन्स मागितलं ते माझ्याकडे. माझ्या मांडीवर फाइल उघडी होती, मी उत्तरं पाठ करत होते. समोर स्टिअरिंग नाही हे त्याच्या लक्षात येईपर्यंत मी अर्धी मेले होते. काका गंभीरपणे म्हणाले, "हे पोरगी वाचता वाचता चालवते, साहेब."

चौपदरी रस्ता सोडून आम्ही इकडून का आलो, असं मी विचारलं. "तिकडं गाडीकडं कोणी पायत नाई. आमी दर्यापूरवरूनच जात असतो." काका एकटेच राहतात. 'आमी' म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

खोलापूरच्या पुढे कापसाने फुगलेली एक ट्रॉली लागली. दोन्ही बाजूंनी कापूस बाहेर आलेला, रस्ता अरुंद, आणि आम्ही तिच्या मागे. कापूस उडून काचेवर चिकटत होता. दहा मिनिटं गेली. वीस गेली. साडेनऊ वाजून गेले.

"काका, हिच्या पुढे जाऊया ना."

त्या इंजिनापुढे माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी पुन्हा म्हटलं. 

"मले इकडून दिसत नाई पोरी, समोरून कोण येऊन राह्यलं ते. तुही काकू सांगे."

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. लहानपणी मी त्यांना याच सीटवर पाहायची, पदर हाताने घट्ट धरून मान खिडकीबाहेर काढलेली. मला वाटायचं, त्यांना वारा आवडतो.

"मी सांगते," मी म्हटलं.

"चुकली तं दोघं बी जाऊ."

"नाही चुकणार."

"मंग जोरात सांगजो. तुहा आवाज मांजरीच्या पिलावानी."

"काकू काय म्हणायच्या?"

काकांनी आधी कारण नसताना आरसा नीट केला. "निघा आता, म्हणे."

मी मान बाहेर काढली. एक मोटारसायकल गेली. मग ट्रक. मग रस्ता लांबवर मोकळा झाला.

"निघा आता!"

इतक्या मोठ्याने मी आयुष्यात ओरडले नव्हते. गाडी अशी उसळली की माझी फाइल मागच्या सीटवर गेली. ट्रॅक्टरवाला तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

"जुनी हाय!" काका ओरडले.

"म्हातारी नाई!" मी ओरडले.

त्यानंतर आम्ही कोणालाच सोडलं नाही. पावणेअकराला शाळेच्या फाटकात होतो. मुलाखतीत माझा घसा बसलेला होता, पण मागच्या बाकापर्यंत पोहोचेल असा आवाज पहिल्यांदाच निघाला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वर्ग सांभाळाल तुम्ही." नोकरी मिळाली.

मी बाहेर आले तर काका फाटकासमोरच, आधीच चकचकीत असलेलं बॉनेट पुसत होते. अकोल्यात त्यांना काही काम सापडलं नव्हतं.

परतताना आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने आलो. दर्यापूर मागे पडलं. सरळ रस्ता, दोन्हीकडे तुरीची शेतं. पुढे गाडी नाही, बैल नाही, साधं कुत्रंही नाही. काकांनी उगाच वेग कमी केला.

"पाय बरं पोरी, येऊन राह्यलं का कोणी?"

मी मान बाहेर काढून नीट पाहिलं.

"कोणी नाही, काका," मी म्हटलं. "निघा आता."