बलकार सिंग रुग्ण होतो

बलकार सिंगाने अफू सोडायचं ठरवलं आणि सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर पहिली अडचण उभी राहिली. नऊ वर्षं ट्रक हाकताना जडलेली सवय. बायकोने, सुखवंत कौरने, सहा दिवस घरात कोंडून त्याला अफूपासून लांब ठेवलं होतं. अंग तुटत होतं, नाक गळत होतं, पण गडी टिकून होता. दाखल व्हायचं नव्हतंच. रोज यायचं, डॉक्टरांसमोर जिभेखाली तलफ मारणारी गोळी ठेवायची आणि घरी जायचं.

"गाव?" कारकून बाईंनी विचारलं.

"तित्तरवाल."

बाईंनी संगणकात डोकावलं. "तित्तरवाल बैसाखीलाच नशामुक्त जाहीर झालंय. तिथे रुग्ण नाहीत."

"अहो बीबीजी, मी हा उभा आहे ना समोर!"

"असाल उभे. यादीत नाही. सरपंचांचं पत्र आणा."

सरपंच नगिंदर सिंगांनी मागणी ऐकून लस्सीचा पेला खाली ठेवला. "बलकारा, अरे गावाला बक्षीस मिळालंय! कबड्डीचं मैदान होतंय त्यातून. आमचं नाक कापतोस होय?"

"तायाजी, मरतोय मी."

"मर की! पण नशामुक्त मर."

तरी माणूस दयाळू. चार दिवसांनी त्यांनी पत्र दिलंच: 'बलकार सिंग हा आमच्या गावचा रहिवासी नाही व पूर्वीही नव्हता.' खाली शिक्का.

बाईंनी खुशीत 'बेघर' अशी नोंद केली. वीस वर्षं त्याच्या घरची चूल पेटवणारी सुखवंत कौर शेजारीच उभी होती; तिची नोंद 'ओळखीची बाई' अशी झाली. मग तपासणी झाली.

"लघवीत काहीच सापडत नाही," डॉक्टर हिरमुसले. "नशा सापडली तरच उपचार, असा नियम आहे."

"अकरा दिवस शिवलो नाही, साहेब. पण जीव सारखा तिकडेच ओढतो. म्हणून तर आलो."

"त्या ओढीला पुरावा काय?"

सुखवंत कौर उसळली. "अकरा दिवस या सरदारजींच्या शिव्या खात पाय चेपलेत मी! आणि तुम्ही म्हणता, जा, खाऊन या?"

"मी तसं म्हटलेलं नाही, बाई. पूर्तता करून या, एवढंच म्हणतोय."

पूर्ततेला दहा मिनिटं लागली, तीही तित्तरवालमध्येच. विकणाऱ्याने पत्ता विचारला नाही, पत्र मागितलं नाही, जेवणाची सुट्टीही घेतली नाही. उलट, "बरेच दिवस दिसला नाहीस भावा, तब्येत बरी आहे ना?" अशी चौकशी केली. इतक्या दिवसांत बलकारची ही पहिलीच चौकशी. सुखवंत कौर ओढणीत तोंड खुपसून ढसाढसा रडली. अकरा दिवस पाण्यात गेले होते.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. डॉक्टरांनी उठून बलकारचा हात हातात घेतला. "शाबास! आता तुम्ही पात्र आहात. आज तुमचा पहिला दिवस."

आता तुम्ही म्हणाल, माणसाने मन घट्ट केलं तर कशाला हवी गोळी आणि कशाला दवाखाना? अगदी बरोबर. दवाखान्याच्या भिंतीवर हेच वाक्य मोठ्या अक्षरांत रंगवलंय. गोळ्या संपल्या की बाई खिडकी लावून घेतात आणि जाता जाता बोटाने तेच दाखवतात.