नानाजींचं झाकलेलं मीटर

चिखलीत आमच्या गल्लीला वीज आली, तेव्हा लोकांनी ओसरीतल्या मीटरला हळदकुंकू वाहिलं. शेजारच्या नानाजींनी मात्र आपल्या मीटरवर जुन्या लुगड्याचा पडदा टांगला. "ताट अन् मीटर झाकेल बरं," म्हणायचे.

वीजवाले दोघं यायचे. एक ओसरीत चढून आकडा वाचायचा, दुसरा रस्त्यात उभा राहून लिहून घ्यायचा. त्यामुळे कोणाकडे किती वीज जळली, ते अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं आणि विहिरीवर बायकांना विषय मिळायचा. नानाजी स्वतःचा आकडा पहिल्यापासून कानातच सांगायला लावत, आणि इतरांचा ओरडला की खवळायचे. "कोनाच्या घरी किती जयते, हे गावाले काऊन पाह्यजे बे? त्याच्या कानात सांग!" शेवटी तो बिचारा प्रत्येक ओसरी उतरून जोडीदाराच्या कानाला लागू लागला. आम्ही पोट धरून हसायचो. दिवेलागणीला दार लावून घेणारा हा म्हातारा आत नक्की विजेची शेगडी पेटवतो, अशी माझी पैज होती.

समोरच्या विधवा गोदाबाईंची कुसुम मॅट्रिकला बसणार होती. त्यांचं घर उंद्री गावच्या दिराच्या जिवावर चाले. एकदा वीजवाला नवा आला. त्याला कानात सांगायची रीत ठाऊक नव्हती. त्याने गोदाबाईंचा आकडा खणखणीत ओरडून सांगितला, आणि नेमका दीर ओसरीत बसलेला.

"दोन बायांच्या घरात एवढी लाइट? पोरगी रातभर वाचते काय? बस झाली शाया! चाल उंद्रीले." कुसुम रडायलाच लागली.

नानाजी अनवाणी धावत आले. "भाऊ, पोरीले काऊन बोलता? मीच तुमच्या इथून चोरून वायर घेतली. माह्या घरचे दिवे तुमच्या मीटरवर जयतात."

"कायची वायर? खोटं बोलून राह्यले तुम्ही."

नानाजी क्षणभर घुटमळले. मग सगळ्यांदेखत त्यांनी आपला पडदा वर केला. मीटरचं चाक जागचं हलत नव्हतं, आकडाही बसवलं तेव्हाचाच. दिराने त्यांना चोर म्हटलं, वाट्टेल ते बोलला, आणि कुसुमला ठेवून एकटाच एसटीने गेला.

वायर कुठेच नव्हती. संध्याकाळी मी नानाजींकडे गेलो. अंधारात ते खाटेवर बसले होते.

"नानाजी, एखादा दिवा तरी लावत जा."

"माह्या बुढीनं हट्ट केला म्हनून अर्ज केला होता," ते म्हणाले. "मीटर आलं, थे नाही राह्यली. आता दिवा लावून पाहू कोनाले?"