उजव्या हाताची अमरावती

अमरावतीच्या सूर्यभानरावांचं पत्र येऊन महिना होत आला, तरी अकोल्याच्या भगवंतराव पंतोजींनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. अकरा वेळा लिहिलं, अकरा वेळा फाडलं. पत्रातली गोष्ट साधी होती: आमच्या मुलासाठी तुमची नात जमुना मागतो, पुनवेपर्यंत होकार आला नाही, तर दुसरं घर पाहू. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपून तिथला कापूस विलायतेला जायचा थांबल्यापासून वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावानं जात होता आणि सूर्यभानरावांच्या दारी मुलींच्या बापांची रीघ लागली होती. एवढ्या बड्या असामीला लिहिताना पंतोजींना आपला प्रत्येक शब्द चुकीचा वाटे.

पुनव तीन दिवसांवर आली, तशी बारसेला त्यांच्या पत्नी दुर्गाबाईंनी दौतच उचलून ठेवली. "तुमच्याच्यानं लिवणं होत नाई. गाडी जुपा अन् तोंडानं सांगून या!"

पंतोजींनी जमीन-मोजणीच्या कारकुनाकडून उतरवून आणलेला वऱ्हाडचा नकाशा अंगणात पसरला.

"शुभ कामाचा कागद हाय. उगवतीले तोंड करून बसा," दुर्गाबाई म्हणाल्या.

पंतोजी तसे बसले. नकाशात अकोल्याच्या उजवीकडे अमरावती होती. त्यांनी उजवा हात लांब केला. "असं जायाचं. दोन वीत."

"दोन वीत?" गाडीवान गयासुद्दीन म्हणाला. "मंग बैल काहाले जुपले, पंतोजीसाब? अन् तिकडं तर पातूर हाय."

"साखळ्या टाकून मोजलं हाय हे, बाबा. तुह्या बैलानं मोजलं का?"

गाडी निघाली. कोसभर गेल्यावर गयासुद्दीन पुन्हा कुरकुरला. "अमरावतीच्या वाटेनं सकाळचा सूर्य डोळ्यात जाते. आज डावा कान भाजून राहिला."

"ऋतूपरमानं सूर्य सरकते. पुस्तकात हाय."

दुपार कलली तेव्हा समोर डोंगर उभा ठाकला.

"अन् हा बी सरकत आला का?"

पंतोजींनी घाईघाईनं नकाशा मांडीवर उघडला. कागदाची वरची बाजू उत्तर. आपण तर बसलो होतो पूर्वेला तोंड करून, म्हणजे उजवा हात गेला दक्षिणेला! त्यांनी नकाशा हळूच फिरवला, तशी सगळी गावं मुकाट्यानं आपापल्या जागी जाऊन बसली. डोंगरसुद्धा. तो पातूरचा घाट होता.

"पुनवेपर्यंत पोचू का रे?"

"बैल हायेत, पाखरं नाईत."

पंतोजींचा चेहरा उतरला. जमुनेचं स्थळ आपण दोन वितींत घालवलं! तेवढ्यात घाटातून घुंगरं वाजली. भाला खांद्यावर टाकून टपालाचा हरकारा धावत खाली येत होता.

"अरे, अमरावतीले डाक कधी पोचते?"

"परवा. थांबाले वेळ नाई, द्यायचं ते लवकर द्या!"

कोरा कागद नव्हता. विचार करायलाही सवड नव्हती. पंतोजींनी नकाशा पालथा घातला, पागोट्यातली शिसपेन काढली आणि झरझर लिहिलं: 'जमुना दिली. मुहूर्त कळवावा. लग्नाला यायची वाट आपल्या गाडीवानाला विचारावी, या कागदाला विचारू नये.'

वर पत्ता टाकून त्यांनी घडी पुढे केली. हरकाऱ्यानं ती थैलीत कोंबली आणि घुंगरं वाजवत तो दिसेनासा झाला.