बोटीवर रागावणारे दामूअण्णा

माणसं बायकोवर रागावतात, सरकारवर रागावतात. आमचे दामूअण्णा बोटीवर रागावायचे. तीही मोबाइलच्या नकाशात दिसणारी, डाळीच्या दाण्याएवढी बोट!

सकाळी माझ्या टेम्पो सर्व्हिसच्या ऑफिसात यायचे आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरायचे. "बघ रं सुधीर, ही बया परत थांबली! सासरला निघालेली पोर, वाटंतल्या दर मावशीकडं चाय पिते!"

निजामपुऱ्यात माझ्या ऑफिससमोरच अण्णांचा लूमचा कारखाना. शर्टाचं झुळझुळीत कापड विणायचे. त्याचं सूत परदेशातून यायचं. तिकडं लढाईपायी समुद्रातला जवळचा रस्ता बंद झाला, बोटी अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालू लागल्या, भाडी वाढली आणि अण्णांचं सूत वाटेतल्या कुठल्याशा बंदरात अडकलं. टीव्हीवर ही बातमी ऐकली तेव्हा लांबची वाटली होती. पुढं गल्लीतली खडखड कमी झाली, माझे टेम्पो दारात उभे राहिले, तेव्हा कळलं की ती आपल्याच दारात आलीय.

शेजारच्यांनी लूम भंगारात काढले आणि शेड गोडाऊनला भाड्यानं दिल्या. कारागीर गावाला गेले. अण्णांचा मुलगाही पुण्याहून फोनवर तेच सांगायचा, "बाबा, बंद करा आता. घरबसल्या भाडं येईल."

अण्णांचं उत्तर ठरलेलं. "वाट लांबली, तुटली न्हाय!" आणि फोन बंद.

एक दिवस त्यांनी रिक्षा केली आणि उरलंसुरलं सूत मागायला निघाले. प्रत्येक कारखान्यात कोनांवर, म्हणजे सुताच्या शंकूसारख्या रिळांवर, थोडं थोडं सूत शिल्लक राहतं. ते कोणी वापरत नाही आणि कोणाला टाकवतही नाही. अण्णा बोहारणीसारखे दारोदार हिंडले. परत आले तेव्हा रिक्षात अण्णा दिसेचनात. कोनांच्या ढिगातून नुसती टोपी वर आलेली.

ते सूत इद्रिसचाचांनी लुमावर चढवलं. चाचा म्हणजे अण्णांचे सर्वांत जुने कारागीर, बाकीचे गेले तरी थांबलेले. कापड बाहेर आलं ते लाल, पिवळं, मध्येच पोपटी.

चाचांनी ते लांब धरून पाहिलं. "अण्णा, ये क्या बना?"

"पोछा!" अण्णा ताठ मानेनं म्हणाले. "येवढी गोडाऊनं झाली, लादी पुसायला नको?"

आणि ज्यांनी शेड भाड्यानं दिल्या होत्या, त्यांच्याच दारात जाऊन अण्णा पोछे विकून आले. विजेचं बिल भरलं की हातात काही उरत नव्हतं. पण लूम फिरत होते.

अखेर बोट आपल्याकडच्या धक्क्याला लागली. मग माल बंदरात रखडला, तो सुटला तर तिथल्या गाड्यांचं भाडं परवडेना. शेवटी मीच टेम्पो घेऊन गेलो आणि सुताच्या पेट्या आणल्या. त्या उतरवत होतो तेवढ्यात शर्टवाल्या व्यापाऱ्याचा फोन आला. फार उशीर झाला म्हणून त्यानं ऑर्डर दुसऱ्याला दिली होती.

अण्णा पेटीवर बसले. मग उठले, कापडाचे जुने नमुने काखेत मारले आणि बाजाराकडं चालू लागले. रोज जात राहिले. मिळेल त्या भावात कापड विकत, निम्मे लूम मोडीत घालत, पण उरलेले निम्मे त्यांनी चालते ठेवलेच.

सगळं जरा स्थिरावल्यावर एका दुपारी मी विचारलं, "अण्णा, मुलाचं काही चुकत नव्हतं. एवढा हट्ट कशासाठी केलात?"

त्यांनी शेडकडं पाहिलं. चाचा लूम थांबवून हात धूत होते.

"लूम बंद केलं असतं, तर इद्रिस गावाला गेला असता," अण्णा हळूच म्हणाले. "तुझी काकी गेली, तवापासून दुपारचा मी त्याच्यासंगती जेवतो. एकट्याला घास उतरत न्हाय रं."

आतून हाक आली, "अण्णा, रोटी ठंडी हो रही है!"

"आलो, आलो!" अण्णा लगबगीनं उठले. दारापर्यंत गेले, थांबले आणि मागं वळले.

"तू पन चल," ते म्हणाले. "तिघांना पुरंल."