वाटीतल्या दोन गोळ्या

शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम ज्याने कुणी काढला तो मला एकदा भेटायला हवा. मी त्याला मारणार नाही. माझ्या कमरेची सध्या ती स्थिती नाही. पण चार शब्द नक्की ऐकवीन.

आमच्या कॉलनीत कंपाउंडच्या भिंतीवरून वाट्यांची ये-जा चालते. माझी बायको ज्योती होती तोवर हे खातं तिच्याकडे होतं. इकडून लोणचं गेलं की तिकडून चटणी यायची. ती गेल्यापासून वाट्या एकाच दिशेने येतात. शेजारची सुलक्षणा कधी शेवभाजी देते, कधी फुनके-कढी, कधी कळण्याची भाकरी आणि ठेचा. मला याचा राग येतो. भाजीचा नाही. भाजी उत्तम असते. राग येतो तो वाटी देताना ती माझ्याकडे ज्या नजरेने बघते त्याचा. अंगणात काढून ठेवलेल्या जुन्या फ्रिजकडे माणसं तसं बघतात. चालू आहे का बंद?

याच रागात मी एप्रिलमध्ये माळ्यावरचा कूलर एकट्याने खाली काढायचं ठरवलं. सुलक्षणाचा नवरा भाईदास भाड्याची सात सीटर गाडी चालवतो. तो भिंतीपलीकडून म्हणाला, "नाना, थांबा, मी येतो."

"काही गरज नाही," मी म्हणालो.

कूलर खाली आला. मीही आलो. फरक इतकाच, की कूलर सरळ उभा राहिला.

हाडांच्या डॉक्टर शीतल वयाने माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी कमरेत एका जागी बोट दाबलं आणि माझ्या तोंडून असा आवाज निघाला की बाहेर बसलेले दोन पेशंट उठून गेले.

"स्नायू आखडलाय," त्या म्हणाल्या. "तो सैल करायच्या पाच गोळ्या देते. रात्री जेवल्यावर एक. या गोळीने गुंगी येते, म्हणून गाडी चालवायची नाही. दारू नाही. झोपेची किंवा सर्दीची दुसरी गोळी घेणार असाल तर आधी मला विचारायचं. आणि ही गोळी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही."

"मॅडम, मी पाटबंधारे खात्यात आहे. मला एकदा सांगितलेलं कळतं."

"एकदा सांगितलेलं सगळ्यांनाच कळतं. म्हणूनच मी दोनदा सांगते," त्या म्हणाल्या आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. मी रागाने मान हलवत राहिलो. (ऐकत नव्हतो. मान हलवणं आणि ऐकणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे सरकारी नोकरीत पहिल्याच वर्षी शिकवतात.)

तीन गोळ्यांत कंबर मोकळी झाली. झोप तर अशी लागली, की किती तरी महिन्यांनी पलंगाची दुसरी बाजू न चाचपता सकाळ झाली. दोन गोळ्या उरल्या.

चौथ्या दिवशी सकाळी सुलक्षणाची वाटी धुऊन परत करायला निघालो, तर भिंतीपलीकडे भाईदास. त्याची मान धरली होती. उजवीकडे बघायचं असेल तर अख्खा भाईदास उजवीकडे वळत होता. मला एकदम वाटलं, आज वाटी रिकामी द्यायची नाही. आजपासून मी धडधाकट माणूस आहे. घरात आलो, फळीवर शोधलं. साखरेत मुंग्या. शेंगदाणे खवट. बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा होता, ज्योतीने गेल्या उन्हाळ्यात केलेल्या. तो मी उघडणार नव्हतो. त्याबद्दल इथे जास्त लिहायचं कारण नाही.

राहिल्या दोन गोळ्या. कागदात गुंडाळून वाटीत ठेवल्या.

"भाईदासला दे," मी सुलक्षणाला भिंतीवरून म्हणालो. "मानेवर अक्सीर आहे. जेवल्यावर घ्यायला सांग."

'रात्री' हा शब्द राहून गेला. 'एक' हाही राहिला. गाडी, दारू, सर्दी हे सगळं राहिलं. डॉक्टरांनी जे दोनदा सांगितलं होतं, त्यातलं मी एकदाही सांगितलं नाही.

मग मी अंघोळ केली, चहा केला, पेपर उघडला. जगाशी माझे संबंध पुष्कळ सुधारले होते. तेवढ्यात सुलक्षणा अंगणात आली.

"नाना, गोळी भारी शे हं. त्यांनी भाकर खाल्ली अन् लगेच दोन्ही घेतल्या."

पेपर खाली आला. "दोन्ही? आणि आता झोपलाय ना?"

"झोपतीन कसे? धुळ्याचं भाडं शे. साखरपुड्याचं. नवरीकडचे सहा जण घेऊन मघाशीच गेले."

मी उभा राहिलो. कमरेने तेव्हाच एक इशारा दिला, तो मी मानला नाही. "अगं, त्या गोळीने झोप येते! गाडी चालवायची नसते!"

सुलक्षणा साक्रीकडची. कॉलनीत ती बरंचसं आमच्यासारखं बोलते. पण राग आला की सरळ माहेरची भाषा. "भाऊ, हाई काय करं तुम्हीन? मना नवरा शे तो! तुम्हले अक्कल शे का नही?"

(मी आजवर 'नाना' होतो. तिथून 'भाऊ' झालो. पुढे आणखी खाली जायला जागा होती, ती वाटेवरच्या एरंडोलला भरून निघाली.)

भाईदासला फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला.

"नहीच उचलणार," ती म्हणाली. "गाडी चालवताना फोन घेत नाही. तुम्हीच नाही का दिवाळीत तासभर भाषण देलं होतं? तेवढं एकच ऐकलं त्यांनी तुमचं."

पोलिसांचा नंबर लावला. गाडीचा नंबर सुलक्षणाला पाठ होता, तो दिला. नाक्यावर कळवतो म्हणाले. मी स्कूटरची किल्ली घेतली. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुमच्या मागे मी बसणार नाही. आज तर नहीच."

कॉलनीसमोर हायवे. समोरून धुळ्याची एसटी येत होती. हात केला, थांबली. असा माझा पाठलाग सुरू झाला. सिनेमात पाठलाग असतो त्यात हिरोची गाडी गावोगाव थांबून म्हाताऱ्या आणि गाठोडी चढवून घेत नाही. आमची घेत होती.

"दोन धुळे," मी कंडक्टरला म्हणालो.

"बाईंचं अर्धं," तो म्हणाला.

"याईचं दुप्पट लावा," सुलक्षणा माझ्याकडे बोट करून म्हणाली.

मी डॉक्टर शीतलना फोन लावला. एसटीत खिडक्या खडखडतात, त्यामुळे मला ओरडून बोलावं लागलं आणि त्यांना ओरडायला खिडक्यांची गरज पडली नाही.

"तुम्ही गोळ्या वाटल्या?"

"वाटल्या नाहीत, वाटीत..."

"साहेब, तो माणूस दुसरं काही औषध घेतो का? ते आधी विचारा."

मी सुलक्षणाकडे पाहिलं. "सर्दीची गोळी घेतली होती सकाळी," ती म्हणाली. "धुळीची ॲलर्जी शे ना त्यायले." आता तिचा आवाज ओरडण्याचा नव्हता. तो ओरडण्याचा असता तर बरं झालं असतं.

मी ते फोनवर सांगितलं. मग डॉक्टर एकेक शब्द सुटा करून सांगू लागल्या. "दोन्हींनी गुंगी येते. एकत्र आल्या तर फार. गाडी आधी थांबवा. सापडला की कुशीवर झोपवा. श्वास बघा. हाक मारल्यावर जागा होतो का बघा. चहा-कॉफी पाजून पुन्हा स्टिअरिंगवर बसवू नका. जवळच्या डॉक्टरांकडे न्या. उठलाच नाही, श्वास हळू वाटला, तर एकशेआठला फोन. कळलं?"

"कळलं."

"मग पुन्हा सांगते."

या वेळी मी ऐकलं. सगळ्या बसने ऐकलं. फोन ठेवला आणि कळलं, की बसमधल्या प्रत्येकाकडे एक गोळी आहे. पुढच्या बाकावरची एक आजी भाच्याच्या झटक्याची गोळी अर्धी करून डोकं दुखण्यावर घेत होती. मागचा एक जण व्याह्याची साखरेची गोळी लग्नात जिलेबी खायच्या आधी खायचा. "तुमच्याकडे हाये का एखादी तुमची ती?" त्याने मला विचारलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खिडकीबाहेर बघू लागला. (मी त्याच्यावर का चिडलो, हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हणून जास्त चिडलो.)

भाईदासची गाडी पांढरी. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीकडे सुलक्षणा बघत होती. पाळधी गेलं. रस्त्याकडेला एक उलटलेला टेम्पो दिसला. तिने डोळे मिटले आणि माझ्या शर्टाची बाही धरली. टेम्पो आहे, गाडी नाही, असं मी म्हणालो. तिने बाही सोडली नाही. आयुष्यात मी एकदा दवाखान्याच्या बाकावर असा बसलेलो आहे. तेव्हा माझ्या बाजूला बाही नव्हती. हिच्यावर तो बाक येऊ नये, एवढंच माझ्या मनात चाललं होतं, आणि तो बाक मीच, दोन बोटांनी, कागदात गुंडाळून हिला दिला होता.

एरंडोलच्या अलीकडे ती एकदम किंचाळली. "आपली गाडी!"

रसवंतीच्या शेजारी, निंबाखाली, पांढरी गाडी उभी. सरळ. चारही चाकांवर.

"थांबवा!" मी ओरडलो.

"इथं स्टॉप नाही," कंडक्टर म्हणाला.

सुलक्षणाने त्याच्या डोक्यावरून हात घालून घंटीची दोरी अशी ओढली की ती तिच्या हातात आली. स्टॉप झाला.

भाईदास रसवंतीच्या खाटेवर होता. तोंड उघडं, हात खाली लोंबलेला. सुलक्षणा धावली. "अहो! उठा ना हो! अहो!"

भाईदासने एक डोळा उघडला. "ऊस नको, बर्फ जास्त टाक," तो म्हणाला आणि डोळा मिटला.

ती तिथेच खाली बसली आणि रडली. मग उठली आणि माझ्याकडे वळली. पण तिच्या आधी दुसऱ्यांचा नंबर लागला.

नवरीचे आजोबा छगन आबा फेटा बांधून, काठी घेऊन उभे होते. "ड्रायव्हर मैलाच्या दगडाला रामराम करू लागला तवा मी वळखलं," ते गरजले. "मोकळ्या रस्त्यावर हॉर्न वाजवे! माझ्या या नातीने, रूपाने, मागून ओरडून गाडी कडेला घ्यायला लावली, म्हणून वाचलो. झोपता झोपता म्हने, गोळ्या खाल्ल्या. कोन्त्या गाढवाने देल्या त्याले?"

सुलक्षणाने बोट दाखवलं. घाई न करता, नीट दाखवलं.

पुढची काही मिनिटं मी इथे देत नाही. एक सांगतो, मी आजवर आपल्या भाषेतल्या शिव्या तुटपुंज्या समजत होतो. आबा दमले, तेव्हा काठीवर टेकून हळूच म्हणाले, "गुडघ्यावर चालते का हो ती?"

"आबा!" रूपा ओरडली. ती साखरपुड्याची नवरी. जरीची साडी खोचून तिने गाडीची किल्ली हातात घेतली होती. "बसा सगळे. मी चालवते."

"नवरी सोता गाडी हाकत आली तर धुळ्याचे लोक काय म्हनतीन?"

"नवरी मेली म्हणण्यापेक्षा बरं म्हणतील. बसा."

ते बसले. गाडी गेली. जाताना इंडिकेटर देऊन गेली. भाईदास देत नाही.

रसवंतीवाल्याने आणि मी मिळून भाईदासला रिक्षात घालायचं ठरलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या जवळच्या दवाखान्यात न्या. रसवंतीवाल्याने खांदे धरले. मी पाय धरले, वाकलो, उचललं, आणि कमरेतून तोच कूलर पुन्हा खाली आला.

एरंडोलच्या त्या छोट्या दवाखान्यात दोन खाटा आहेत. एकीवर भाईदास कुशीवर झोपला. तिथल्या डॉक्टरांनी नाडी, श्वास, प्रेशर पाहिलं, हाका मारून उठवून बघितलं. धोका नाही म्हणाले, पण गुंगी उतरेपर्यंत जवळ माणूस हवं. दुसरीवर मी, उताणा, छताकडे बघत. मध्ये स्टुलावर सुलक्षणा. तिने नवऱ्याचा हात धरला होता आणि माझ्याकडे पाठ केली होती.

संध्याकाळी रूपा गाडी परत घेऊन आली. साखरपुडा झाला होता. भाईदास उठून बसला, मान उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली आणि मोठ्याने हसला. "नाना! गोळी एक नंबर शे!"

सुलक्षणाने त्याला दंडावर फटका मारला. तो माझ्या वाटणीचा होता, हे दवाखान्यात सर्वांना कळलं.

डॉक्टर शीतलनी दुसऱ्या दिवशी मला तपासलं. या वेळी त्यांनी बोट जरा जास्तच जोरात दाबलं, असं माझं मत आहे. गोळ्या लिहिल्या, पण पाकीट माझ्या हाती दिलं नाही. "तुमच्या घरी कोण असतं?" त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत बरोबर आलेली सुलक्षणा पुढे झाली आणि पाकीट पर्समध्ये टाकून तिने चेन ओढली.

आता रोज रात्री जेवणं झाली की ती दारात येते. मागे भाईदास, उगाच मान इकडेतिकडे फिरवत. तळहातावर एक गोळी. मी सरकारी कर्मचारी आहे, मला राग येतो, मी गोळी तोंडात टाकून पाणी पितो. मग ती "जीभ उचला" म्हणते आणि खरंच बघते.

काल तिने विचारलं, "आता कुठं जायचं तर नाही ना गाडी घेऊन?"

"मला कुठं जायचंय!" मी खेकसलो. "गोळी घेतली की सकाळपर्यंत गाढ झोपतो मी. कुणाला काही त्रास आहे का?"

भाईदासने मान फिरवणं थांबवलं.

"नाना," भाईदास म्हणाला, "तेच सांगायले आलो व्हतो. तुम्ही घोरता त्याच्यानं आमची बठ्ठीच्या बठ्ठी गल्ली जागी राहते. डॉक्टरीणबाईले इचारून आम्हाले झोपेची काही भेटते का, बघा."