सरकारी दगडाला बांधलेली म्हैस

रस्त्यासाठी मोजणीवाले माळावर पिवळे दगड रोवायला आले, तेव्हा लिंबाजीआबांनी त्यांना चहा पाजला, खड्डे खोल घ्या म्हणून स्वतःची पहार दिली आणि साहेबांची जीप वळणाआड गेल्याबरोबर प्रत्येक दगडाला एकेक म्हैस बांधून टाकली.

महिन्याभरात म्हशींनी ओढून ओढून निम्मे दगड उपटले. साहेब पुन्हा आले ते तापूनच. "सरकारी खुणा उपटल्या म्हणून गुन्हा दाखल करीन," म्हणाले.

आबांनी एका म्हशीकडे बोट दाखवलं. "हिच्यावर करा. मपलं काय म्हननं न्हाई."

हे त्यांचं पालुपद. ते कानावर पडलं की शहाण्यानं सावली बघून बसावं, कारण त्यानंतर आबांचं म्हणणं तासभर चालतं.

आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूचं. इथल्या जमिनीत कुसळं सोडून काही मनापासून उगवत नाही. त्यामुळे मोबदल्यापायी रस्ता आपल्याच रानातून जावा म्हणून लोक मारुतीला नारळ कबूल करत होते. माझं रान आबांच्या माळाला लागूनच. मी तर आधीच फोडला. रस्त्याची आखणी माझ्या बांधापासून हातभर अंतरावरून गेली. माझ्यासारख्या मास्तरला पगार असतो, हे देवालाही ठाऊक असावं. आणि ज्याला हे घबाड मिळालं, तो म्हातारा ते नको म्हणत होता. माझा किती जळफळाट झाला असेल, विचारू नका.

पुण्यातली दोन्ही पोरं फोनवर कावायची, "सही करा आणि इकडं या." आबा फोन गायीच्या तोंडाशी धरायचे. "बोल हिच्याशी."

माळावरची सगळी जनावरं आबांची नसतात. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं आणि जाताना आपल्या गायी-कालवडी त्यांच्याकडे सोडून जातं. राखणीचा एक पैसा ते घेत नाहीत. म्हातारा दुधासाठी करतो, असं आम्ही पारावर बसून केव्हाच ठरवून टाकलं होतं.

सुनावणीला त्यांनी मला सोबत नेलं. साहेबांनी विचारलं, "बाबा, रस्ता नको का तुम्हाला?"

"पायजे की. लई झकास करा. फकस्त ह्या मास्तरच्या रानातून न्या. त्यो राजी हाय."

मी लगेच मान डोलावली. साहेब हसले नाहीत. "मोबदल्यात याच्या दुप्पट माळ मिळेल दुसऱ्या तालुक्यात," ते म्हणाले. "जनावरं तिकडं न्या."

आबांचं तासभराचं म्हणणं कुठं गेलं कळेना. "न्हाई जमायचं," एवढंच बोलून सही न करता उठले.

परतताना गाडीवर मी वैतागून विचारलं, "आबा, गवत तिकडंही उगवतं. मग कशापायी अडून बसलात?"

मागून आबा म्हणाले, "कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोड सपली की मान्सं माघारी येत्यात. घरी जायच्या आदी माळावर येत्यात. गाय वळखती का बघत्यात. बाया तिच्या गळ्यात पडून रडत्यात. कुनाचं लेकरू केवढं झालं, कुनाची सोयरीक कुठं जमली, समदं तवाच कळतं मला. तुपली काकी गेल्यापासून मपल्याकडं येनारं तेवढंच हाय, मास्तर. परमुलखात माळ घेतला, तर तिथं गाय न्यायला कोन यील?"

मी गाडी हळू केली.

निकाल अजून लागायचा आहे. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी माळावर गेलो. आबांनी माझ्या मागंपुढं पाहिलं.

"कोनतं जनावर न्यायचंय?"

"कोणतंच नाही. असाच आलो."

मग खांद्यावरची घोंगडी झटकून त्यांनी खाली अंथरली.

"बस की मग," म्हणाले. "च्या टाकतो."